ब्रेकमधली हवा

१२ जानेवारी, रविवार

आज गाडीने दगा दिला.

बाजारातून परत येत होतो. सोसायटीच्या गेटमधून आत वळताना ब्रेक दाबला, तर पेडल कुठे लागेचना. कापसाच्या गादीत पाय रुतावा तसं झालं. इंजिन उगाचच गुरगुरलं आणि गाडी जाऊन गेटच्या खांबावर आदळली. डावा दिवा फुटला, बंपर आत गेला. खांबाला ढिम्म काही झालं नाही.

खांबाच्या कडेला भामा कोळीण मासे घेऊन बसते. ती नेमकी सुटे पैसे आणायला उठली होती म्हणून वाचली. तिची पाटी मात्र चाकाखाली गेली. रस्ताभर बोंबील. ती मलाच ओरडायला लागली, "अवं बाबा, बरेक मारा ना, बरेक! दिसत नाय का?" अरे, मारला ना ब्रेक! चांगला दाबून मारला! किशोरी धावत खाली आली, भामाची माफी मागितली, चिरडलेले सगळे बोंबील विकत घेतले आणि सोसायटीतल्या मांजरांना घातले. तुम्हाला कुठे लागलं का, हे काही बायकोने विचारलं नाही.

आणि वर काशीराम. आमची सोसायटी ज्या भातशेतावर उभी आहे ते त्याच्या वडिलांचं. आमच्याच वरच्या मजल्यावर राहतो, रोज सकाळी आम्ही बरोबर फिरायला जातो. माझ्यासारख्या भांडखोर माणसाशी त्याचं कसं जमतं ते त्यालाच ठाऊक. तो माझ्या मागून स्कूटरवर येत होता. सगळ्यांसमोर म्हणतो, "सबनीससायेब, तुमची मागची लाल बत्ती पेटलीच नाय. ब्रेक मारला असता तर पेटली असती ना?"

म्हणजे मी खोटं बोलतोय! तळोज्याला कंपनीत मेंटेनन्समध्ये जन्म गेला माझा. ब्रेक दाबला की नाही ते मला कळत नाही? म्हटलं, बल्ब उडाला असेल. त्याने मान हलवली, पण ज्या तऱ्हेने हलवली ती मला मुळीच आवडली नाही.

नंतर वॉचमनला मागे उभं करून पाहिलं. बल्ब पेटतो. म्हणजे बत्तीचा स्विच मधूनमधून अडकत असणार. आणि ब्रेकच्या पाइपात हवा शिरली आहे, ह्यात तिळमात्र शंका नाही. आमच्या मुलीला, कादंबरीला, बाळंतपणासाठी आणायचं आहे, त्याच्या आत हवा काढून टाकायची.

१३ जानेवारी, सोमवार

ब्रेकची हवा काढायला दोन माणसं लागतात. एक जण आत बसून पेडल दाबतो. दुसरा चाकापाशी आडवा पडून निपल सैल करतो. निपल म्हणजे चाकामागचा पोकळ स्क्रू. तो उघडला की जुनं ऑइल आणि त्यातले बुडबुडे बाहेर येतात. पेडल वर यायच्या आत तो आवळायचा, नाहीतर हवा पुन्हा आत. आमच्याकडे पेडलवर किशोरी आणि चाकापाशी मी, ही वाटणी पहिली गाडी घेतल्यापासूनची. मी खालून ओरडतो, "दाब... धर... सोड." ती वरून, "दाबला... धरला... सोडला." कादंबरी लहान असताना आमची नक्कल करून पाहुण्यांना हसवायची.

आज किशोरीला बसवलं. तिने पेडल दाबलं आणि म्हणाली, "अहो, घट्ट आहे."

"घट्ट कसं असेल? नीट दाब."

"नीटच दाबलंय."

तिला उतरवलं, मी बसलो. मऊ. काही लागतच नाही पायाला. तिला परत बसवलं. परत तेच, "घट्ट आहे." मी म्हटलं, तुझ्या पायात जोर उरला नाही. त्यावर काय म्हणावं तिने? "माझ्या पायाचं राहू द्या. तुमच्या पायावर तो एवढा मोठा फोड कसला आलाय?"

थंडीत माझे पाय गार पडतात, म्हणून गरम पाण्याच्या टबात घालून बसतो. फोड बुटाने आला असेल. मला दुखत नाही, तर हिच्या पोटात का दुखतं? लगेच शुगरवर आली. किती महिने तपासली नाही, डॉक्टरकडे कधी जाणार, वगैरे वगैरे. विषय काय, ही बोलते काय! "तुम्ही आधी डॉक्टरकडे चला, मग मी दिवसभर पेडल दाबत बसते," असं म्हणून उठून गेली. हवा जिथल्या तिथे.

१४ जानेवारी

काशीराम तिळगूळ घेऊन आला. लाडू खाल्ला, बोललो नाही. नंतर त्याची आणि किशोरीची स्वयंपाकघरात कुजबुज चालली होती. मी गेलो तसे दोघे पतंगांविषयी बोलायला लागले. काशीरामला पतंगांची गोडी कधीपासून?

१८ जानेवारी, शनिवार

संतापात लिहितोय.

काल कंपनीतल्या एका जुन्या सोबत्याच्या निरोपसमारंभाला तळोज्याला गेलो होतो, बसने. आज सकाळी गाडी झाडायला म्हणून आत बसलो तर पाय पेडलपर्यंत पोचेना. सीट पार मागे सरकवलेली. आरसा छताकडे बघतोय. माझ्या गाडीत माझ्याहून वीतभर उंच कोणीतरी बसून गेलं होतं, आणि असा उंच माणूस ह्या बिल्डिंगमध्ये एकच आहे.

वर येऊन किशोरीला विचारलं. वाटलं, नाही म्हणेल. तिने पोळी लाटणंही थांबवलं नाही. "हो. गॅरेजला नेली होती. काशीरामभाऊंनी चालवली."

"आणि?"

"चारही ब्रेक चांगले आहेत म्हणाला गॅरेजवाला. हवाबिवा काही नाही."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगून काय होणार होतं? तुम्ही त्यालाच खोटं पाडलं असतं."

डोक्यात तिडीक गेली. माझी गाडी, माझी किल्ली, आणि मी घरात नाही हे साधून दोघं मिळून ती तपासायला नेतात! केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. त्या गॅरेजवाल्याने तोंडातला गुटखा सांभाळत एकदा पेडल दाबलं असेल आणि दिलं असेल ठोकून, ब्रेक चांगले. ह्यांना तेवढंच हवं होतं.

तसाच वर काशीरामच्या दारात गेलो. तो खाली मान घालून म्हणाला, "सायेब, वहिनी रडत व्हत्या. मी नाय कसा बोलू? आमी फक्त खात्री केली."

कसली खात्री? माझी? इतक्या वर्षांत माझ्याशी सरळ बोलायला काय जीभ झडली होती? उद्यापासून फिरायला जाणं बंद. एकटा जाईन.

१९ जानेवारी, रविवार

काल वाटलं होतं, ह्याच्यापुढे आणखी काय व्हायचं राहिलंय. राहिलं होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, आणि बापाने स्वतः जाऊन मुलीला आणायची, ही आमच्या घरची रीत. मी मागची खोली रंगवून घेतली. माळ्यावरचा पाळणा काढून कड्यांना ग्रीस लावलं, आता कुरकुरत नाही. कादंबरी कामोठ्याला राहते. हाकेच्या अंतरावर, पण रीत ती रीत.

दुपारी तिचा फोन. "बाबा, मी इथेच राहते. हॉस्पिटलही इथलंच बघितलंय. आई येईल माझ्याकडे."

"का? पनवेल काय परदेशात आहे?"

"तसं नाही."

"मग कसं?"

म्हणाली, "बाबा, मला तुमच्या गाडीत बसायची भीती वाटते."

मी म्हटलं, "गाडीची की माझी?" त्यावर ती रडायला लागली. देवेशने फोन घेतला. जावई सभ्य आहे, उरणला बंदरावर नोकरी करतो, माझ्याशी चढ्या आवाजात कधी बोलला नाही. "बाबा, तिला आत्ता त्रास नको," एवढंच बोलला. म्हणजे आता माझा त्रास होतो. पोटच्या पोरीला.

फोन ठेवून वळलो तर किशोरी बॅग घेऊन उभी. बॅग भरलेली! म्हणजे हे आज ठरलेलं नाही. सगळ्यांना सगळं माहीत होतं, फक्त ह्या म्हाताऱ्याला सोडून. तरी म्हटलं, सोडतो तुला. ती म्हणाली, "रिक्षा सांगितलीय." दारात थांबून म्हणाली, "पायाला मलम लावत जा. आणि घरात अनवाणी फिरू नका." निघून चालली होती नवऱ्याला टाकून, आणि सांगत काय होती, तर मलम.

पाळणा मागच्या खोलीत आहे. दार लावून घेतलं.

२२ जानेवारी, बुधवार

ठरवलं. एकट्याने हवा काढायची. कोणाच्या पायाची गरज नाही मला. ब्रेक दुरुस्त करून गाडी कामोठ्याला नेऊन उभी करणार आणि म्हणणार, बसा, आणि दाबून बघा कोण खोटं बोलत होतं ते.

एकट्याने करायची युक्ती साधी आहे. माशांच्या टाकीला लावतात तसली पारदर्शक नळी आणली. तिचं एक टोक निपलवर, दुसरं बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवून ठेवायचं. मग निपल सैल असला तरी पेडल सोडताना हवा आत जात नाही, फार तर बाटलीतलं ऑइल परत ओढलं जातं. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची, म्हणजे मागचं डावं. पुढच्या चाकांना विटा लावल्या, जॅक लावला, चाक काढलं, खाली आडवा झालो. निपल गंजलेला. त्याला तेल पाजून, शिव्या घालून, रिंग पान्याने सोडवला.

मग सुरू झाली वरात. उठा, आत बसा, पेडल दाबा. उतरा, मागे जा, नळीत बुडबुडे आहेत का बघा. पुन्हा पुढे जा, बॉनेटखालच्या डबीतलं ऑइल संपत तर नाही ना बघा. ती कोरडी पडली तर वरूनच हवा शिरणार. भरा. पुन्हा आत. मागे जाऊन सवयीने "धर" म्हणून ओरडलो. आत कोणी नव्हतं. वॉचमन बघत होता, त्याला वाटलं फोनवर बोलतोय.

वरच्या गॅलरीतून काशीराम म्हणाला, "सायेब, मी येऊन दाबतू ना."

म्हटलं, "तुमचा पाय माझ्या ब्रेकवर एकदा पडला तेवढा पुरे झाला."

आत गेला. बरं झालं.

बुडबुडा एकही निघाला नाही. सगळं करून पेडल होतं तसंच मऊ. आणि निपलवरची रबरी टोपी हरवली. पार्किंगभर शोधली, गटाराच्या जाळीत बघितलं. कुठे गेली कोण जाणे.

२३ जानेवारी

टोपी सापडली. कुठे? बुटात! काल दुपारी पडली असणार. तसाच बाजारात जाऊन आलो, तीन जिने चढलो, आज सकाळीही तेच बूट घालून फिरून आलो. काढताना टपकन फरशीवर पडली. एकटाच हसलो. वय झालं की माणूस खरंच मुर्दाड होतो.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाला खाली गेलो. राष्ट्रगीत संपलं तेव्हा पहिल्या मजल्यावरची कोमल, दुसरीत आहे, मोठ्याने म्हणाली, "आजोबा, तुमची एक चप्पल कुठाय?" बघितलं तर उजवा पाय उघडा. चप्पल जिन्याच्या पायरीवरच राहिली होती. सगळे हसले, मीही हसलो. काशीराम हसला नाही. तो जाऊन चप्पल घेऊन आला आणि माझ्या पायापाशी ठेवली. मी थँक यू म्हटलं, इंग्रजीत, मुद्दाम.

किशोरी असती तर तिनेच आधी बघितलं असतं.

२९ जानेवारी, बुधवार

चारही चाकं पुन्हा केली. नवीन ऑइलची बाटली संपवली. नळीतून काचेसारखं स्वच्छ ऑइल येतंय, बुडबुडा औषधालाही नाही. आणि पेडल? कापूस. निपल आवळलेले, पाइप कोरडे, गळती कुठेच नाही. म्हणजे आता एकच जागा उरली, मास्टर सिलिंडर. पेडलचा जोर पुढे ढकलतो तो हाच. आतले रबर झिजले असणार. रविवारी त्याची परीक्षा घेतो.

किशोरीला फोन केला. म्हटलं, हवा नव्हतीच, मास्टर सिलिंडर गेलाय. तिने विचारलं, "जेवलात काय?" म्हटलं, मी काय सांगतोय? म्हणाली, "ऐकतेय हो मी. फोड बसला का?" रागाने फोन ठेवला. मग वाटलं, दोन मिनिटं अजून बोललो असतो तर काय बिघडलं असतं. घर खायला उठतं. वरणाला फोडणी दिली तर ती पण करपली.

फोड फुटलाय. मोज्याला थोडं लागतं. दुखत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहून ठेवतो. नाहीतर उद्या मीच त्याला वेगळं वळण देईन.

सकाळी मास्टर सिलिंडरची परीक्षा घ्यायला झाडूचा दांडा घेऊन खाली गेलो. काशीराम घाईघाईने त्याची मोठी गाडी बाहेर काढत होता. रविवारी, आंघोळ न करता. मी सहज विचारलं, "कुठे?" त्याला खोटं बोलता येत नाही. म्हणाला, "कामोठ्याला. कादंबरीला कळा लागल्यात. देवेश उरणला शिफ्टला हाय, कॅबवाले येत नाय. वहिनींचा फोन आला."

वहिनींचा फोन. त्याला. मी खालच्या मजल्यावर जिवंत आहे, माझी गाडी दारात उभी आहे, आणि माझ्या मुलीला कळा लागल्या हे मला शेजाऱ्याकडून कळतं! पाठीत सुरा खुपसायचा म्हणजे ह्याहून वेगळं काय असतं? डोळ्यांत पाणी आलं, ते त्याला दिसलं, म्हणून आणखीनच संतापलो.

"चला सायेब, बसा," तो म्हणाला. दार उघडून धरलं.

"माझ्या मुलीला मी नेईन. तुम्ही लुडबुड करू नका."

तो दोन क्षण थांबला, मग निघून गेला. दुसरं काय करणार होता?

मी माझ्या गाडीत बसलो. किल्ली फिरवली. पण गाडी हलवली नाही. कितीही राग आला तरी बाळंतिणीला बसवायच्या गाडीचे ब्रेक बघितल्याशिवाय निघणं माझ्या रक्तात नाही. म्हटलं, परीक्षा आत्ताच घेऊ. रीत अशी: इंजिन चालू ठेवायचं, हँडब्रेक ओढून गाडी न्यूट्रलला, आणि दांड्याचं एक टोक पेडलवर, दुसरं सीटला टेकवून पेडल दाबून अडकवायचं. सिलिंडर आतून गळत असेल तर पेडल हळूहळू खाली बसत जातं.

खाली उतरलो, दाराशी बसलो आणि दोन्ही हातांनी दांडा रेटला. पेडल थोडं गेलं आणि थांबलं. आणखी रेटलं. हलेना. सगळा जोर लावला, दांडा वाकला, पेडल नाही. वाट बघितली. जिथल्या तिथे.

दांडा काढला. आत वाकून पेडलवर हाताचा तळवा ठेवला आणि दाबलं. भिंतीवर हात टेकावा तसं. घट्ट. नव्या गाडीचं नसेल इतकं घट्ट.

वाटलं, आता ठीक झालं! दांड्याने काहीतरी बसलं जागेवर. आनंदाने सीटवर बसलो, पायाने दाबलं. कापूस.

उतरलो. हाताने, घट्ट. बसलो. पायाने, कापूस. असं किती वेळा केलं माहीत नाही. मग एकदा चांगला जोर लावून ब्रेक दाबला तर इंजिन गुरगुरलं. त्या दिवशी गेटपाशी गुरगुरलं होतं, तसंच.

मी मान खाली घालून बघितलं.

माझा पाय ब्रेकवर नव्हता. टाच मधेच कुठेतरी होती आणि चवडा ॲक्सिलरेटरवर. मी बघत होतो तरी मला वाटत होतं की पाय ब्रेकवर आहे. डोळे एक सांगत होते आणि पाय दुसरंच सांगत होता. पाय उचलला, डोळ्यांनी बघत बघत ब्रेकवर ठेवला, दाबला. पेडल खाली गेलं हे दिसलं. थांबलं हेही दिसलं. कळलं मात्र काही नाही. कुठे टेकलं, किती टेकलं, काही नाही.

बूट काढला. मोजा फोडाला चिकटला होता. ओढून काढला, कातडी निघाली, रक्त आलं. दुखलं नाही. मी त्याची वाट बघत बसलो, दुखण्याची.

भामा सुटे आणायला उठली नसती तर? हा विचार मी आजवर केलाच नव्हता. मी दिव्याचा केला, बंपरचा केला. आणि आज शेजारच्या सीटवर कादंबरीला घालून निघणार होतो मी.

कंपनीत बिघडलेल्या मशीनवर लाल पाटी अडकवायचो आम्ही, चालवू नये म्हणून. गाडीवर अडकवायला माझ्याकडे काही नव्हतं, आणि गाडी बिघडलेलीही नव्हती. इंजिन बंद केलं, किल्ली वॉचमनकडे दिली. म्हटलं, काशीराम आले की त्यांना द्या, मी मागितली तरी मला देऊ नका. त्याला वाटलं थट्टा करतोय.

रिक्षाने कामोठ्याला आलो. हे हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय. कादंबरी आत आहे. अजून वेळ आहे म्हणतात.

३ फेब्रुवारी, सोमवार

मुलगी झाली. पहाटे. दोघी सुखरूप आहेत. देवेश रडला, मी नाही, माझं आदल्या दिवशी रडून झालं होतं.

सकाळी चहाच्या टपरीवर किशोरीला सगळं सांगितलं. दांडा, हात, पाय, सगळं. तिने चहा तसाच ठेवला. "मला माहीत होतं," म्हणाली. "तुम्ही कढत पाण्यात पाय घालून पेपर वाचत होतात ना, तेव्हा मी त्या पाण्यात बोट घातलं होतं. भाजलं मला. तुम्ही पान उलटलंत."

"मग बोलली का नाहीस?"

"किती वेळा बोलले! डॉक्टरकडे चला, डॉक्टरकडे चला."

"डॉक्टरकडे चला म्हणालीस. पाय मेलाय असं नाही म्हणालीस. ते काशीरामला सांगितलंस, कादंबरीला सांगितलंस, जावयाला सांगितलंस. मला नाही."

"तुम्ही ऐकलं असतं?"

नसतं ऐकलं. हे खरंच आहे, आणि तसं मी तिला म्हटलंही. पण तरी सांगायला हवं होतं, किशोरी. भांडण झालं असतं, ताटं फेकली असती मी, तरी मला सांगायला हवं होतं. माझ्याच घरात सगळे माझ्याविषयी बोलत होते आणि मी एकटा विटा लावून हवा शोधत बसलो होतो. हे मला लागलंय. पायाला नाही लागत, इथे लागतं. तिने बाहीने डोळे पुसले आणि माझा गार झालेला चहा बदलून आणला.

काशीराम रात्रभर इथेच होता. त्याला म्हटलं, किल्ली वॉचमनकडे आहे, आता ती तुम्हीच ठेवा. "बरा झाला सायेब," एवढंच म्हणाला. मग थोड्या वेळाने, "उद्यापासून फिरायला जाव ना?" म्हटलं, आधी ह्या पायाचं बघू.

अकराच्या सुमारास आम्हाला आत सोडलं. बाळ नुसतं झोपलेलं, पाजायला घेतलं तरी डोळे उघडेना. नर्सने दुपट्यातून तिचा पाय बाहेर काढला आणि तळव्याला टिचकी मारली. एवढीशी! त्याबरोबर पोरीने पाय आखडून घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि खोली डोक्यावर घेतली. कादंबरी हसली. मला म्हणाली, "घ्या ना बाबा, तुमच्यावर गेलीय, लगेच भांडते." म्हटलं, उभं राहून घेणार नाही, बसून घेतो. कादंबरीने माझ्याकडे बघितलं आणि खुर्ची दाखवली. आमच्यात एवढंच बोलणं झालं, पण झालं.

बाळाला परत दिल्यावर मी तिथेच बूट काढला. मोजा काढला. नर्सला म्हटलं, "सिस्टर, माझ्याही तळव्याला एक मारून बघा."

ती हसायला लागली, "काय काका, काहीतरीच!"

किशोरी हसली नाही. ती खाली बसली, माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. मी डोळे मिटून घेतले, मला मुद्दाम बघायचं नव्हतं. मी वाट बघत होतो.

"मार ना," मी म्हटलं.

"मारली, दोनदा," किशोरी म्हणाली. डोळे उघडून बघितलं तर ती मला मोजा चढवत होती.